रात्री दोन वाजता कोण असतं, तेवढं आधी सांगा

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या समस्त मॅटर्निटी होमच्या आणि मोठ्या हॉस्पिटलांच्या डॉक्टर मंडळींना, त्यांच्या मॅनेजमेंटला, आणि दोन्ही महापालिकांच्या आरोग्य खात्याला,

सप्रेम नमस्कार.

मला सध्या अकरावा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ आहे, आणि बातमी कळल्यापासून घरात-ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न, नाव कुठे घातलंस. सासूबाईंचं म्हणणं जाऊबाईंचं जिथे झालं तिथेच घाला, हाताला यश आहे डॉक्टरांच्या. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नसेल तिथे पाऊलसुद्धा ठेवू नकोस. नवरा रात्री अंथरुणात पडून गूगलचे रिव्ह्यू वाचतो, त्यातल्या निम्म्या लोकांनी पार्किंगबद्दल लिहिलेलं असतं. आणि आई सोलापूरहून फोनवर सांगते की पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात विचारायचं काय एवढं.

या सगळ्यांचं मी बघून घेईन. पत्र तुम्हाला लिहितेय कारण ठरवायला मला जी माहिती लागते ती यांच्यापैकी कुणाकडेच नाही, ती फक्त तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही ती विचारल्याशिवाय सांगत नाही आणि विचारलं तरी नीट सांगत नाही.

म्हणजे बघा, आम्ही एका बऱ्यापैकी नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो (नाव सांगत नाही, कारण दुसरीकडेही थोड्याफार फरकाने हेच झालं). काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेला कागद पुढे केला, वर गुलाबी रंगात बाळाचे पाय, खाली पॅकेज. जनरल, ट्विन शेअरिंग, डिलक्स, सूट. नॉर्मलचे एवढे, सीझरचे एवढे, केक आणि फोटोशूट कॉम्प्लिमेंटरी. मी विचारलं, रात्री भूलतज्ञ असतात का हो इथे. ती म्हणाली, सगळं अ‍ॅव्हेलेबल असतं मॅडम. मी म्हटलं, अ‍ॅव्हेलेबल म्हणजे या बिल्डिंगमध्ये असतात की फोन केल्यावर घरून येतात. तिने शेजारच्या मुलीकडे बघितलं, शेजारचीने माझ्याकडे बघितलं, आणि मग ती म्हणाली, ते तुम्ही मॅडमना विचारा. मॅडमना विचारलं तर मॅडम हसल्या, म्हणाल्या आत्तापासून एवढं टेन्शन नाही घ्यायचं, फोलिक अ‍ॅसिड चालू आहे ना?

चालू आहे. टेन्शन नाही घेत मी, माहिती मागतेय.

कळा काही ओपीडीची वेळ बघून सुरू होत नाहीत हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार. दिलेल्या तारखेला होणारं बाळ वीसात एखादंच असतं असं म्हणतात, म्हणजे तो दिवस, ती वेळ, ती सुट्टी काहीच कुणाच्या हातात नाही. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे तीनला पाणी गेलं तर? बरं, तुम्हीच तुमच्या कॉन्फरन्समध्ये ज्या गोष्टी बोलता त्याच मी वाचल्यात. बाळाचे ठोके एकदम पडले आणि तातडीने सीझर करायची वेळ आली तर निर्णय घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत बाळ बाहेर यायला हवं, हा जगभर मानला जाणारा हिशोब आहे. आता भूलतज्ञ कोथरूडला राहतात आणि हॉस्पिटल वाकडला आहे, तर हा अर्धा तास कुठून मोजायचा? चांदणी चौकातून? जन्मल्या जन्मल्या दहातल्या एखाद्या बाळाला श्वास घ्यायला थोडी तरी मदत लागते, आणि ती पहिल्या मिनिटात लागते. त्या मिनिटाला तिथे ज्याला अंबू बॅग (बाळाला हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) नीट धरता येते असं माणूस कोण उभं असतं? बालरोगतज्ञ असतात, का ट्रेनिंग झालेली सिस्टर असते? सिस्टर असली तरी मला चालेल, पण आहे का ते सांगा. आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, आपल्या देशात बायका बाळंतपणात दगावतात त्याचं सगळ्यात मोठं कारण अजूनही हेच आहे, आणि तो कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, धडधाकट बाईलासुद्धा होतो.

इथे माझं स्वतःचं एक घोडं आहे. माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह. त्यामुळे पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका होऊ नये म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक, हे मला जिथे जिथे गेले तिथे सगळ्यांनी व्यवस्थित सांगितलं, याबद्दल तुमचे आभार. पण निगेटिव्ह रक्त मध्यरात्री लागलं तर ते कुठून येतं, तुमच्याकडे साठवणूक आहे की एखाद्या रक्तपेढीशी बोलणं झालेलं आहे, की माझ्या नवऱ्याच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला बाईकवर पिटाळणार, याचं उत्तर एकाच ठिकाणी सरळ मिळालं. बाकी ठिकाणी 'अ‍ॅरेंज होतं' असं कळलं. कोण अ‍ॅरेंज करतं हो? वाक्यात कर्ताच नाही.

आईचं आणि माझं यावरून वाजतं, पण एका बाबतीत तिचं मला पटलंय. माझ्या वेळी तिने हॉस्पिटल कसं निवडलं विचारलं तर म्हणाली, त्यात निवडायचं काय होतं, डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच राहायच्या. खाली चार-सहा खाटा, वर त्यांचं घर, रात्री आयाने जिन्यातून हाक मारली की बाई गाऊनवर एप्रन चढवून खाली. आता त्या काळात सोनोग्राफीचा पत्ता नव्हता, रक्तपेढी लांब होती, आणि जे व्हायचं ते व्हायचं, त्यामुळे जुनं ते सोनं वगैरे मला म्हणायचं नाहीये. पण रात्री कोण असतं या प्रश्नाला तिच्याकडे एका ओळीचं उत्तर होतं. माझ्याकडे सात मजली बिल्डिंग आहे, लॉबीत कॉफी मशीन आहे, आणि तेवढं उत्तर नाहीये.

आणि हे मोठं विरुद्ध छोटं असं भांडण नाहीच आहे मुळात. छोट्या मॅटर्निटी होममध्ये एकच डॉक्टर असतात, नऊ महिने त्याच तपासतात, त्यांना माझं नाव माहीत असतं, पण त्या गावाला गेल्या तर कोण? मोठ्या ठिकाणी सगळे विभाग असतात पण ज्या मॅडमना बघून आपण नाव घालतो त्या 'व्हिजिटिंग' असतात, आणि रात्री ड्युटीवर जे डॉक्टर असतात ते एमबीबीएस आहेत की बीएएमएस की बीएचएमएस हे दाराबाहेर कुठेच लिहिलेलं नसतं. मी कुणाच्या डिग्रीला नावं ठेवत नाहीये, मला फक्त माहीत हवंय. दोन्हीकडे चांगलं काम होतं आणि दोन्हीकडे खड्डे असतात, कुठला खड्डा कुठे आहे ते सांगा म्हणजे मी बघून पाय टाकीन.

आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंच्या सुनेचं यंदा ससूनला, म्हणजे पुण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, झालं. गर्दी, रांग, एका खाटेशेजारी दुसरी, नातेवाईक जिन्यात झोपलेले, सगळं त्यांनी सांगितलं. पण रात्री दोनला तिथे निवासी डॉक्टर असतात, भूल देणारे असतात, मुलांचा विभाग असतो, रक्तपेढी त्याच आवारात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात सरकारी हॉस्पिटलात नॉर्मल काय आणि सीझर काय, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जायची-यायची गाडी सगळं मोफत असायला हवं असा नियम आहे. म्हणजे ताईंच्या सुनेला जे न विचारता मिळालं ते मला लाख-दीड लाख मोजून मिळेल की नाही हे मला माहीत नाही. लोक मला विचारतात मग तू का नाही जात ससूनला. जाईनही कदाचित. खरंच सांगते, यादीत आहे. नवऱ्याला आत येऊ देणार असतील तर अजून वर येईल यादीत. कळांच्या वेळी बाईजवळ तिच्या ओळखीचं माणूस असू द्यावं असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलंय, आणि प्रायव्हेटवाले तुम्ही, तुमच्यात काही जण अजून म्हणताय की लेबर रूममध्ये कुणी नको, इन्फेक्शन होतं. फोटोशूटवाला येतो तेव्हा नाही होत का?

आता सीझरबद्दल. हा विषय काढला की तुमच्यातले बरेच जण लगेच दुखावतात, म्हणून आधीच सांगते, मी 'डॉक्टर पैशासाठी पोट फाडतात' म्हणणाऱ्यांतली नाही. माझ्या चुलत बहिणीचा जीव सीझरने वाचलाय. मुहूर्त काढून आणणारे, अमुक नक्षत्रावरच हवं म्हणणारे, कळा सोसायच्या नाहीत म्हणून पहिल्या दिवसापासून सीझरच मागणारे आमच्यातच आहेत. आणि काही वाईट झालं की तोडफोड करणारेही आमच्यातलेच, त्यासाठी २०१० साली राज्याला वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा डॉक्टर धोका पत्करायला घाबरतात हेही कळतं मला.

पण आकडेही बघा ना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ ला, देशात सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणांत सीझर १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. त्याच्या आधीच्या फेरीत खासगीतला आकडा ४०.९ होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की लोकसंख्येच्या पातळीवर सीझर दहा टक्क्यांच्या वर गेलं की माता आणि बाळांचे मृत्यू त्यामुळे अजून कमी होताना दिसत नाहीत. तो सगळ्या लोकसंख्येचा हिशोब आहे, एका हॉस्पिटलचा नाही, एवढं मलाही समजतं. जिथे चारी बाजूंनी अवघड केसेस पाठवल्या जातात तिथे आकडा जास्त असणारच. म्हणून मी तुमचा एकूण आकडा मागतच नाहीये. जगात त्यासाठी रॉबसन वर्गीकरण म्हणून सोपी पद्धत आहे, सगळ्या बायकांचे दहा गट पाडायचे आणि प्रत्येक गटात किती सीझर झाली ते मोजायचं, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये हीच वापरा म्हणून सांगितलंय. माझ्यासारखी बाई त्यात पहिल्या नाहीतर दुसऱ्या गटात येते. पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, पूर्ण दिवस भरलेले. अशा माझ्यासारख्या शंभर बायका गेल्या वर्षी तुमच्याकडे आल्या असतील तर त्यातल्या किती जणींचं सीझर झालं, एवढा एकच आकडा द्या. तो जास्त असेल तर कारणही सांगा, मी ऐकून घेईन. एका मॅडमनी मला तोंडी का होईना पण सरळ आकडा सांगितला, वर म्हणाल्या की आमच्याकडे वयाने मोठ्या आणि आयव्हीएफच्या पेशंट जास्त येतात म्हणून थोडा वर आहे. मला तो आकडा जास्त वाटला, तरी सगळ्यात जास्त विश्वास मला त्यांचाच वाटला.

पैशांचं थोडक्यात सांगते कारण त्यावर सगळेच बोलतात. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली, रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दर दिसतील असे लावायचे असं त्यात आहे. लावलेले असतात, पण कुंडीच्या मागे. पॅकेजमध्ये बाळाच्या डॉक्टरांची फी नसते, बाळ काचेत ठेवावं लागलं तर त्याचे दिवसाचे वेगळे, कळांचं दुखणं कमी करणाऱ्या एपिड्युरलच्या इंजेक्शनचे वेगळे, आणि नॉर्मल म्हणून सुरू होऊन सीझर झालं तर दोन्हीकडचं मिळून काय होतं ते कुणीच सांगत नाही. आणि एक गोष्ट मला कुणीतरी समजावून सांगा, रूम जनरलची डिलक्स केली की भूल देण्याची आणि टाके घालण्याची फी का वाढते? एसी रूममध्ये टाके जास्त लागतात का? कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मॅटर्निटीला वेगळी मर्यादा असते आणि स्वतःची पॉलिसी असेल तर वेटिंग पिरियड, तो बऱ्याचदा वर्षांत मोजायचा, त्यामुळे आमच्यासारखी नोकरदार माणसंही यात खिशातूनच घालतात. म्हणून आकडा आधी लागतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गरोदर बाईकडे मागितलेल्या डिपॉझिटवरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला मी सांगायला नको. इमर्जन्सीत आगाऊ पैसे मागायचे नाहीत अशा नोटिसाही महापालिकेने त्यानंतर काढल्या. त्या नोटिशीची कॉपी मला एकाही काउंटरवर दिसली नाही.

दिसली ती नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीची मुलगी. अकराव्या आठवड्यात! वेटिंगमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली, टॅब काढला आणि बाळाचं भविष्य सुरक्षित करायला सुरुवात केली. आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, असं खासगी साठवणं आम्ही सुचवत नाही असं स्पष्ट सांगितलेलं आहे, हे तिला कुणी सांगत नसावं, आणि तुमच्या वेटिंग रूममध्ये तिला बसायला खुर्ची मिळते म्हणजे तुम्हीही सांगत नसणार. तिच्या जागी रात्रपाळीच्या स्टाफचा तक्ता लावता येईल, भिंत तेवढीच लागते.

राहता राहिलं माहेर. आमच्याकडे पहिलटकरणीचं नाव दोन ठिकाणी असतं हे तुम्ही गृहीतच धरायला पाहिजे. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते, आणि तिकडचे डॉक्टर म्हणतात आधीपासून आमच्याकडे नाव नाही, आम्ही केस घेत नाही, किंवा घेतो पण सगळ्या तपासण्या पुन्हा करा. त्यांचंही बरोबर आहे एका अर्थी, ऐनवेळी कोरी फाइल घेऊन आलेली बाई म्हणजे त्यांनाही जोखीमच. पण फाइल कोरी का असते? कारण पुण्याचं हॉस्पिटल ती स्वतःकडे ठेवतं आणि मला फक्त प्रिस्क्रिप्शन देतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला पाहिजे. एनटी स्कॅन आणि अनोमली स्कॅन (बाळात काही दोष नाही ना हे बघायच्या सोनोग्राफी), रक्ताचे रिपोर्ट, शुगरची टेस्ट, बीपीच्या नोंदी, सगळं. मला सोलापूरला जायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि ते आई, सासूबाई आणि नवरा यांच्यात ठरेल की मी ठरवीन हाही वेगळाच विषय आहे, पण जायचं झालं तर फाइल माझ्या पिशवीत हवी, तुमच्या कपाटात नको.

माझं मागणं फार नाहीये. नाव घालायला येणाऱ्या प्रत्येकीला पॅकेजच्या कागदासोबत अजून एक कागद द्या. रात्री दहा ते सकाळी आठ इमारतीत कोण असतं, त्यांची डिग्री काय. भूलतज्ञ आणि बालरोगतज्ञ आत असतात की बोलावल्यावर येतात, आणि बोलावल्यावर साधारण किती वेळात पोचतात. रक्त कुठून येतं आणि कोण आणतं. बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर इथेच की दुसरीकडे, दुसरीकडे तर कुठे, आणि तिकडे नेणारी गाडी कुणाची. माझ्यासारख्या पहिलटकरणींमध्ये गेल्या वर्षी सीझर किती. बिल कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती झालेलं आहे. खाली तारीख आणि शिक्का. फॉग्सी या तुमच्या स्त्रीरोगतज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या 'मान्यता' उपक्रमात बाळंतपणाच्या दर्जाचे सोळा निकष आहेत, तुमच्यातल्या काहींनी ते सर्टिफिकेट घेऊन भिंतीवर लावलंय, म्हणजे यातली बरीच माहिती तुम्ही कुणाला तरी दाखवलेली आहेच. मलाही दाखवा.

मला माहितीये तुमच्यातले काही म्हणतील असं लिहून दिलं तर उद्या कोर्टात हाच कागद आमच्या तोंडावर फेकतील. अहो, 'भूलतज्ञ बोलावल्यावर चाळीस मिनिटांत येतात' असं खरं लिहिलेलं असलं आणि मी ते वाचून सही केली, तर तो कागद तुमच्याच बाजूचा झाला ना. आणि कुणी म्हणेल बायका घाबरतील. घाबरल्या तर घाबरू देत, अकराव्या आठवड्यात घाबरलं तर दुसरीकडे जाता येतं, छत्तिसाव्या आठवड्यात कुणी दारात उभं करत नाही.

महापालिकेच्या आरोग्य खात्याला वेगळं सांगायचं म्हणजे नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन तुम्ही देता आणि रिन्यूही तुम्हीच करता. त्या वेळी जिन्याची रुंदी, फायरची एनओसी, बायोमेडिकल कचरा हे सगळं बघता, ते बघायलाच हवं. त्यातच हा एक कागद जोडायला सांगा आणि सगळ्यांचे कागद तुमच्या वेबसाइटवर टाका, म्हणजे माझ्यासारखीला उन्हातान्हात, उलट्या सांभाळत, दारोदार फिरावं लागणार नाही. नवीन कायदा नको, समिती नको.

पुढच्या आठवड्यात माझा एनटी स्कॅन आहे. त्याच दिवशी काउंटरवर मी हा कागद मागणार आहे, आणि तुमच्याकडे नसेल तर मीच टाइप करून आणतेय, प्रश्नांपुढे जागा सोडलेली आहे. अनोमली स्कॅनपर्यंत, म्हणजे अठरा-वीस आठवड्यांपर्यंत, मी नाव पक्कं करणार नाही. जो आधी भरून देईल, तिथे अ‍ॅडव्हान्स भरीन, मग तिथे केक असो वा नसो.

आपली,
एक पहिलटकरीण, वाकड